बाकाची कूस

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आला. सहली, गॅदरिंग, मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. मला शाळा म्हटलं की उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक आठवतं.

आठवीत असताना बाकाच्या फळीची एक बारीक कूस त्यात शिरली आणि आतच मोडली. त्या दिवशी विशेष काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी बोट टम्म फुगलेलं, लालबुंद, हात लावला तर गरम. ठणका तर असा, की नाडीचा प्रत्येक ठोका बोटातच पडतोय. विज्ञानाच्या बाईंनी वही कोरी का म्हणून विचारलं. मी मुकाट्याने बोट पुढे केलं.

"अरे वा, छानच आहे की!" बाई म्हणाल्या. वर्ग खदखदून हसला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले: लाली, सूज, उष्णता, वेदना. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची, म्हणजे इन्फ्लमेशनची, हीच चार लक्षणं नोंदवून ठेवली आहेत. "आणि याला पेन धरता येत नाही, ते पाचवं. भाग कामातून जातो. ते मागाहून जोडलं गेलं." सूज का येते, असं विचारल्यावर मी म्हणालो, "घाण गेली म्हणून." बाईंचं उत्तर तयार होतं. "मग पाय मुरगळल्यावर कुठली घाण जाते? हात भाजल्यावर? सूज कूस आणत नाही रे, सूज तुझं शरीर आणतं."

मग त्यांनी फूटपट्टीच्या बोथट कोपऱ्याने स्वतःच्या हातावर जोरात एक रेघ ओढली आणि आम्हाला भोवती उभं केलं. आधी रेघ लाल झाली. मग तिच्या दोन्ही बाजूंना लाली पसरली. दोन-तीन मिनिटांत रेघेवरची कातडी दोरीसारखी वर आली. ना जखम, ना जंतू! त्या दिवशी सगळ्या वर्गाने एकमेकांच्या हातांवर रेघा ओढल्या; माझ्या हातावर दोरी उठली, शेजारच्याच्या हातावर नुसतीच लाल रेघ. टॉमस लुइस या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात या तिहेरी प्रतिसादाचा अभ्यास केला होता, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

त्या रेघेखाली काय चालतं, तेही तिथेच शिकलो. इजा झाली की कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामाइन हे रसायन सोडतात. बारीक धमन्या सैल पडतात, रक्त जास्त येतं. म्हणून लाली आणि ऊब. (ही ऊब शरीराच्या गाभ्यातून आलेल्या रक्ताची. आतले अवयव मुळातच तेवढे गरम असतात, त्यामुळे ही खूण कातडीवरच नीट कळते.) सगळ्यात बारीक शिरांच्या अस्तरातल्या पेशी आक्रसतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि रक्तातलं पाणी प्रथिनांसकट बाहेर झिरपतं. ती सूज. बोटाच्या टोकाला आत घट्ट पडदे असतात, पाण्याला पसरायला जागा नाही. म्हणून तिथला ठणका जीवघेणा. त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन मज्जातंतूंना हळवं करून ठेवतं. अॅस्पिरिन नेमकं तेच तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

पण माझा जीव जडला तो पांढऱ्या पेशींवर. पाणी झिरपल्याने रक्त दाटतं, मंदावतं आणि न्यूट्रोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशी मधली धार सोडून कडेला येतात. शिरेच्या भिंतीवरून गडगडत जातात, अडखळतात, चिकटतात आणि दोन पेशींच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडतात. पहिल्या दिवशी गर्दी त्यांची. दोन दिवसांनी त्यांची जागा मोठ्या भक्षक पेशी घेतात, त्या मेलेले न्यूट्रोफिलही गिळून जागा साफ करतात. पू म्हणजे मुख्यतः हेच मेलेले शिपाई. पुवाची हिरवट झाक येते तीही त्यांच्यातल्याच एका विकरामुळे.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ या जीवशास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. त्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे लाली नाही, ऊब नाही, तरी पेशी धावल्या! पुढे १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी नकळत तर्जनी चोळत होतो.

आता मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रोज अपेंडिक्सच्या काचपट्ट्या बघतो. स्नायूच्या थरात, तंतूंच्या मधोमध, तीन-चार पाळ्यांच्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल दिसले की रिपोर्टवर 'अॅक्यूट अपेंडिसायटिस' लिहितो. नवीन शिकाऊ डॉक्टर आले की त्यांना आधी फूटपट्टीने स्वतःच्या हातावर रेघ ओढायला लावतो. ते एकमेकांकडे बघतात. मला त्याची सवय आहे.

कूस चौथ्या दिवशी निघाली. अंघोळ करताना बोट दाबलं गेलं आणि पुवाच्या थेंबाबरोबर ती अलगद बाहेर आली, काळपट, तिळाएवढी. सूक्ष्मदर्शकाखाली बघू, घेऊन ये, असं बाईंनी बजावलं होतं. मी ती कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकली, आणि मधल्या सुट्टीत खेळताना पुडी कुठेतरी पडली. बाईंनी त्या दिवशी मला वर्गाबाहेर उभं केलं.