‘तुमच्या माहेरी कुणाला होते का?’

कोथरूडच्या एका विशेष शाळेत पालकांशी बोलताना, रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार असलेल्या मुलीच्या आईला नातेवाइकांनी हा प्रश्न विचारल्याचे मी वारंवार ऐकते. जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे, असे मला वाटते.

या आजाराच्या बहुतेक मुलींमध्ये एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी२ या जनुकात बिघाड असतो, हे अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये संशोधक हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ साली दाखवले. या जनुकाचे प्रथिन डीएनएवर जेथे मेथिल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, जोडलेले असतात तेथे जाऊन बसते, इतर प्रथिनांना बोलावून घेते आणि जनुकांची आरएनए प्रत किती निघावी यावर लगाम ठेवते. मेंदूतील चेतापेशींत ते विपुल असते. म्हणूनच पहिले सहा ते अठरा महिने बरी वाढलेली मुलगी पुढे हातांचा वापर आणि शिकलेले शब्द गमावू लागते.

आता माहेरचा प्रश्न. हा बिघाड जवळजवळ नेहमी नव्याने घडतो आणि बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना घडतो. वडिलांचे एक्स गुणसूत्र केवळ मुलींकडे जाते, हे या आजारात मुलीच अधिक दिसण्याचे एक कारण आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला मेथिल गट लागलेला असला की ते आपोआप थायमिन या दुसऱ्या अक्षरात बदलू शकते, आणि या जनुकातील सर्वाधिक आढळणारे बदल नेमके याच प्रकारचे आहेत. मेथिलच्या खुणा ओळखणारे प्रथिन अशाच खुणेच्या जागी बिघडावे, हे मला फार विलक्षण वाटते. यात वडिलांचाही दोष नाही. क्वचित आई वाहक असते. त्यामुळे पुढच्या अपत्याचा विचार असल्यास जनुकीय समुपदेशन अवश्य घ्यावे, आणि त्या वेळी दोघांनीही समोर बसावे.

२००७ साली संशोधक एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये बंद ठेवलेले हे जनुक पुन्हा सुरू केले, तेव्हा प्रौढ उंदरांचीही लक्षणे बऱ्याच अंशी ओसरली. म्हणजे चेतापेशी मेलेल्या नव्हत्या. मात्र याच जनुकाची जादा प्रत असलेल्या मुलांना वेगळा, गंभीर आजार होतो, त्यामुळे जनुकोपचारात, म्हणजे जनुकाची चांगली प्रत पेशींत पोहोचवण्याच्या उपचारात, प्रथिनाची मात्रा अचूक साधणे हेच सर्वांत कठीण काम आहे.