डाव्या हातचा मळ

सकाळी सकाळी फोनवर 'बदल स्वीकारा, मोठे व्हा' छापाचे संदेश येतात ना, मागे उगवता सूर्य असलेले, ते मीही वर्षानुवर्षं इमानेइतबारे पुढे पाठवत आले. मग एके दिवशी जिना संपला असं समजून पाऊल टाकलं, आणि एक पायरी शिल्लक होती. पडताना उजवा हात टेकला. मनगट गेलं.

डॉक्टर म्हणाले, "कॉलीस फ्रॅक्चर." पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळचं हाड ठरलेल्या जागी मोडतं. हे इतकं ठरलेलं आहे की अब्राहम कॉलीस नावाच्या आयरिश सर्जनने १८१४ सालीच त्याचं वर्णन लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली! म्हणजे त्या बाबाने नुसतं चाचपून आणि हाताचा वाकलेला आकार बघून ओळखलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं, का ते विचारू नका. आपण वेंधळ्यासारख्या पडलो नाही, रीतसर पडलो, असं काहीसं.

प्लास्टर सहा आठवड्यांचं. मी दुसरीच्या वर्गाला शिकवते, बावीस वर्षं झाली. आणि माझी सगळी मिजास होती फळ्यावरच्या अक्षरावर. नवीन शिक्षिका वर्गात डोकावून बघून जायच्या. रजा एकच आठवडा घेतली आणि गेले. डावा हात आहे की, दोन-चार दिवसांत बसेल, असा हिशोब. 'डाव्या हातचा मळ' हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला त्याने आयुष्यात डाव्या हाताने एक ओळ लिहिलेली नसणार.

उजव्या हाताने लिहिताना आपण खडू ओढतो. डाव्या हाताने तोच खडू ढकलावा लागतो. ढकलला की तो किंचाळतो, नाहीतर मोडतो. आपली लिपी जाते डावीकडून उजवीकडे, त्यामुळे हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो; 'आजचा' लिहून 'सुविचार'कडे वळावं तर 'आजचा' बाहीवर. शिरोरेघेचं तर सांगूच नये. बावीस वर्षं मुलांना म्हणत आले, "रेघ एका दमात काढायची." माझी रेघ निघाली आणि शब्दाच्या मध्यावर येऊन अक्षरांच्या पोटात शिरली.

पण खरी गंमत झाली ती तारखेला. २३ तारीख होती. लिहून मागे वळले तर वर्ग खिदळत होता. "बाई, ते सव्वीस झालं!"

बघते तर खरंच २६. आणि मला ते लिहिताना कळलंसुद्धा नव्हतं. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले भाऊ, पाठीला पाठ लावून उभे, म्हणून तर 'छत्तीसचा आकडा'. उजव्या हाताला शिकवलेलं वळण डाव्या हाताला द्यायला गेलं की तो ते आरशात धरल्यासारखं उलटं काढू पाहतो. लहान मुलंही आकडे असेच उलटे काढतात, पण त्यांचं कारण थोडं वेगळं. त्यांच्या मेंदूने तोवर शिकलेलं असतं की वस्तू कुठल्याही बाजूने बघा, ती तीच असते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. हा नियम जगात सगळीकडे चालतो, फक्त अक्षरांत आणि आकड्यांत चालत नाही. तिथे तो मोडून नव्याने शिकावं लागतं. हे मी डी.एड.ला असताना कुठेतरी वाचलंही असेन. पण पाच-सात वर्षांच्या मुलांच्या वहीत ३ च्या जागी ६ दिसला की मी लाल पेनने गोल करून शेजारी लिहायचे, 'लक्ष द्या'. लक्ष तर माझंही होतं की!

दुसऱ्या आठवड्यात मी टेबलावर वही घेऊन सराव करत होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली. वर्गातली एकमेव डावखुरी. दहात साधारण एक माणूस डावखुरा असतो म्हणतात, पण यंदा माझ्या वाट्याला ही एकटीच. थोडा वेळ माझी कसरत बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, वही अशी नाही ठेवायची." आणि तिने माझी वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चांगली तिरकी केली. "आता हात खाली ठेवा. ओळीच्या खाली."

लिहिलं. मनगट मोकळं झालं, हात शब्दांवरून फिरेनासा झाला. अक्षर भिकारच, पण वाचता येईल असं.

तिच्या बाकाजवळून जाताना मी रोज तिची वही सरळ करायचे. रोज. न बोलता, सवयीने, पसारा आवरावा तशी. ती काही म्हणायची नाही. मी पुढे गेले की परत तिरकी करत असणार.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, डाव्या हाताने चेंडू दाबा, उजव्यालाही फायदा होईल. मला वाटलं गंमत करताहेत. पण १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं: एका हाताने व्यायाम केला तर दुसऱ्या, काही न केलेल्या हाताची ताकदही थोडी वाढते. माझ्या बाबतीत किती फरक पडला कोण जाणे. प्लास्टर निघालं तेव्हा उजवा हात काटकुळा, सालपटं निघालेला आणि परका दिसत होता, आणि तळवा वर करायला सांगितलं तर होईना. 'मोडलेलं हाड आधीपेक्षा मजबूत होतं' असं सगळे धीर द्यायला म्हणतात. तसं नसतं. आधी घाईघाईत गाठ बांधली जाते, मग जुनं खात, नवं रचत महिनोन्‌महिने ती घडवली जाते, पुष्कळदा वर्षाहून जास्त. जुन्या ताकदीपर्यंत पोचली तरी पुष्कळ.

आता सहा महिने झाले. फळ्यावर उजव्याच हाताने लिहिते, अक्षर पूर्वीच्या जवळपास आलंय. नवीन शिक्षिका अजून डोकावलेल्या नाहीत. तारीख मात्र डाव्या हाताने लिहिते, मुलांच्या आग्रहाखातर. ३ किंवा ६ असला की वर्ग श्वास रोखून बसतो.

आणि त्या बाकाजवळून जाताना माझा हात अजूनही वहीकडे जातो. परवा तिने तो बघितला, वहीवर स्वतःचा हात ठेवला आणि लिहीत राहिली.