आठशे वर्षांपूर्वीचा एक खून आणि रॉचेस्टरचे कॅथेड्रल

लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारा, रोमनांच्या काळापासून वापरात असलेला वॉटलिंग स्ट्रीट हा रस्ता जिथे मेडवे नदी ओलांडतो, तिथे रॉचेस्टर वसलेले आहे. लंडन इथून सुमारे ५० किलोमीटर मागे राहते आणि कँटरबरी आणखी सुमारे ४३ किलोमीटर पुढे असते, त्यामुळे मध्ययुगात पायी निघालेल्या यात्रेकरूंचा मुक्काम इथे सहजच पडत असे. आज आगगाडी लंडनहून तासाभराच्या आत इथे आणून सोडते. उतरणाऱ्यांपैकी बरेच जण किल्ल्याचा बुरूज पाहायला येतात, तर काही जण एकोणिसाव्या शतकातल्या एका नामवंत कादंबरीकाराच्या खुणा शोधत येतात. मी आलो होतो तो एका खुनाच्या मागावर. हा खून १२०१ मध्ये झाला, मारला गेलेला माणूस यात्रेकरू होता आणि मारणारा त्याच्याच सोबतीला होता, असे सांगितले जाते. ही कथा मी जितक्या बारकाईने वाचत गेलो, तितका तिच्यातल्या निकालावरचा माझा विश्वास कमी होत गेला.

कथा अशी आहे. स्कॉटलंडमधल्या पर्थचा विल्यम पाव भाजून विकत असे आणि भाजलेला दर दहावा पाव गरिबांसाठी बाजूला ठेवत असे. एके दिवशी चर्चच्या दाराशी टाकून दिलेले एक मूल त्याला दिसले. त्याने ते घरी आणले, डेव्हिड या नावाने वाढवले आणि आपला धंदा शिकवला. पुढे विल्यमने पवित्र भूमीच्या यात्रेचा संकल्प सोडला आणि या मुलाला घेऊन तो निघाला. सलाहुद्दीनने ११८७ मध्ये जेरुसलेम जिंकून घेतले होते, तरी ११९२ च्या तहाने निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना तिथे जाण्याची मुभा मिळाली होती. तेव्हा हा बेत कठीण असला, तरी अविचाराचा नव्हता. पर्थपासून ७०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून दोघे रॉचेस्टरला पोहोचले, तिथे तीन दिवस राहिले आणि कँटरबरीच्या दिशेने निघाले. गावाबाहेर पडल्यावर डेव्हिडने जवळची वाट दाखवण्याच्या मिषाने विल्यमला हमरस्त्यावरून बाजूला नेले, त्याच्या डोक्यात घाव घातला, गळा चिरला आणि त्याला लुटून तो पसार झाला. बेवारस पडलेले ते प्रेत एका वेड्या बाईला दिसले. तिने हनीसकलच्या वेलीची माळ गुंफून आधी मृताच्या डोक्यावर ठेवली, मग तीच उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि तिचे वेड गेले. हा चमत्कार कानी येताच मठातल्या संन्याशांनी प्रेत गावात आणले आणि कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, पुरले.

स्थानकापासून हाय स्ट्रीटने चालत गेले की थोड्याच वेळात डावीकडे कॅथेड्रल आणि त्याच्या पलीकडे किल्ला दिसू लागतो. पहिल्या नजरेत किल्लाच भाव खाऊन जातो, कारण त्याचा बाराव्या शतकातला बुरूज ११३ फूट उंच आहे. कॅथेड्रलची स्थापना मात्र ६०४ मधली. इंग्लंडमध्ये त्याहून जुने कॅथेड्रल फक्त कँटरबरीचे. आत शिरल्यावर आधी नॉर्मन धाटणीच्या जाडजूड खांबांचे आणि गोल कमानींचे सभागृह लागते आणि पुढे पायऱ्या चढून गेल्यावर तेराव्या शतकातला, टोकदार कमानींचा क्वायर, म्हणजे गायकवृंदाचा भाग, सुरू होतो. दोन्ही भागांतला फरक वास्तुशास्त्र न शिकलेल्या माणसालाही जाणवावा, इतका ठळक आहे. हा फरक आणि विल्यमचा खून यांचा अगदी जवळचा संबंध आहे.

उत्तरेच्या बाजूने क्वायरकडे चढत जाणाऱ्या पायऱ्यांना पिल्ग्रिम स्टेप्स म्हणतात. विल्यमच्या कबरीकडे जाणारे यात्रेकरू याच वाटेने जात. त्यांच्या पावलांनी मूळ दगड इतके झिजले, की त्यांच्यावर आता लाकडी पायऱ्या बसवल्या आहेत. तिथे उभ्या असलेल्या वयस्कर स्वयंसेवक बाईंनी मला ती कथा मन लावून सांगितली आणि शेवटी हसून म्हणाल्या, की हा विल्यम दत्तक मुलांचा रक्षक संत मानला जातो. ज्या कथेत दत्तक मुलानेच बापाचा गळा चिरला, त्या कथेच्या नायकाकडे हे काम कुणी सोपवले असेल, याचे मला अजूनही नवल वाटते.

वरच्या आडव्या दालनात विल्यमचे स्थान होते. तिथेच वॉल्टर द मर्टन या बिशपची कबर आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचा हा संस्थापक १२७७ मध्ये मेडवे नदी ओलांडताना घोड्यावरून पडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. प्रवासात मरण आलेली दोन माणसे एकाच दालनात असावीत, यात मध्ययुगाच्या दृष्टीने विशेष काहीच नाही. यात्रेला निघण्यापूर्वी लोक मृत्युपत्र करून ठेवत आणि काठी व झोळी धर्मगुरूकडून मंत्रवून घेत, ते उगाच नव्हे.

आता पैशाकडे वळले पाहिजे, कारण खुनाच्या तपासात ते टाळता येत नाही. ११७० च्या २९ डिसेंबरला राजाच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच ठार मारले, ११७३ मध्ये तो संत ठरला आणि वॉटलिंग स्ट्रीटवर यात्रेकरूंची रीघ लागली. ही सगळी गर्दी रॉचेस्टरवरून पुढे जात असे. रॉचेस्टरच्या कॅथेड्रलला मात्र ११३७ आणि ११७९ मध्ये आगी लागल्या होत्या, आणि बिशप गिल्बर्ट द ग्लॅनव्हिल याच्याशी चाललेल्या कज्जांत तिथल्या बेनेडिक्टाइन संन्याशांवर संत पॉलिनसच्या समाधीवरची चांदी मोडून खर्च भागवण्याची पाळी आली. अशा वेळी गावाच्या वेशीवर एक धर्मशील यात्रेकरू मारला जातो आणि त्याच्या प्रेताजवळ चमत्कार घडतो. पुढे या कबरीवर आलेल्या दानातूनच विल्यम ऑफ हू या संन्याशाने क्वायरची उभारणी केली आणि १२२७ मध्ये तो वापरात आला. बिशप लॉरेन्स रोमला गेला आणि १२५६ मध्ये विल्यमला संतपद मिळाले. पहिल्या एडवर्ड राजाने १३०० च्या फेब्रुवारीत इथे सात-सात शिलिंगांचे दान दोनदा दिले, तर १३९९ मध्ये पोप नववा बोनिफेस याने ठरावीक दिवशी इथे येऊन दान करणाऱ्यांना पापक्षालनाची सवलत दिली.

एवढे वाचल्यावर संन्याशांवर संशय घेण्याचा मोह होतो. रहस्यकथा लिहायची असती, तर मीही तेच केले असते. पण लाभ झाला म्हणून गुन्हा केला, हा तर्क आळशी आहे. संन्याशांना खून करण्याची गरजच नव्हती. वाटेवर माणसे मरतच होती, आणि त्यांतल्या एका मृत्यूचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्या हाती घेणे एवढेच त्यांना पुरेसे होते.

माझा प्रश्न वेगळा आहे. आडवाटेवर दोघेच होते. एक मेला, दुसरा पळाला, आणि प्रेत सापडले ते ज्या बाईचे भान हरपले होते तिला. मग जवळची वाट दाखवण्याचे ते मिष, आधी डोक्यातला घाव आणि नंतर गळा, हा क्रम संन्याशांना कोणी सांगितला? विल्यमचा धंदा, त्याचा दानधर्म आणि मूल सापडल्याची हकिकत त्या तीन दिवसांच्या मुक्कामात तो स्वतः बोलला असेल, हे मानता येते. मृत्यूची हकिकत मात्र त्याला सांगता आलेली नाही.

इंग्लंडमध्ये तेव्हा अशा तपासाची व्यवस्था होती. कॉरोनर हे पद ११९४ मध्ये निर्माण झाले होते. ज्याला प्रेत सापडेल त्याने आरडाओरड करून शेजारपाजारच्यांना गोळा करायचे, कॉरोनरने येऊन प्रेत पाहायचे आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना शपथेवर विचारायचे, अशी रीत होती. या रीतीला एक जाच होता. फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राजांच्या नियमानुसार मारला गेलेला माणूस इंग्लिश असल्याचे सिद्ध झाले नाही आणि मारेकरी सापडला नाही, तर तो नॉर्मन असल्याचे गृहीत धरून हंड्रेड नावाच्या त्या संपूर्ण महसुली विभागाला दंड होत असे. हा नियम १३४० मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडहून आलेल्या, आप्त जवळ नसलेल्या माणसाचे इंग्लिशपण सिद्ध करायला कोण येणार? अनोळखी प्रेत म्हणून विल्यम गावकऱ्यांच्या खिशाला चाट लावणारा ठरला असता, तर हुतात्मा म्हणून त्याच पंचक्रोशीला तो शंभर वर्षांचे उत्पन्न देऊन गेला. ही कथा मुखोमुखी का पसरली, हे समजायला मला एवढे पुरेसे वाटते.

कॅथेड्रलमधून निघून मी दक्षिणेकडे, मेडस्टोनच्या रस्त्याने चढण चढत गेलो. खून झाला तो भाग याच बाजूला मानला जातो. तिथे एक छोटे प्रार्थनास्थळ बांधले होते आणि त्याचे अवशेष एकोणिसाव्या शतकापर्यंत शिल्लक होते. आज दोन्ही बाजूंना घरे आहेत, मोटारी सारख्या धावत असतात, आणि खरे सांगायचे तर पाहण्यासारखे काही नाही. मागे वळून पाहिल्यावर एक गोष्ट मात्र स्पष्ट होते: कँटरबरीचा रस्ता पूर्वेकडे जातो आणि हा दक्षिणेकडे. पाऊण हजार किलोमीटर वाट शोधत आलेल्या माणसाला ही वाट जवळची आहे हे पटवणे सोपे नव्हते. ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे असा सोबतीच हे करू शकतो, असे कथा मानते. पण शस्त्राच्या धाकानेही माणसे आडबाजूला नेली जातात. रॉचेस्टरच्या वायव्येला असलेला गॅड्स हिल हा लंडनकडून येणाऱ्या रस्त्यावरचा चढ वाटमाऱ्यांसाठी कित्येक पिढ्या कुप्रसिद्ध होता, आणि बाजारगावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंची झुडपे दोनशे फुटांपर्यंत तोडून टाकावीत, असा कायदा १२८५ मध्ये करावा लागला, तो दरोडेखोर त्यांत दबा धरून बसत म्हणूनच.

डेव्हिडने कबुली दिली असण्याची शक्यताही मी तपासून पाहिली. तेराव्या शतकातल्या नियमानुसार चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या गुन्हेगाराला चाळीस दिवस हात लावता येत नसे; तेवढ्या मुदतीत कॉरोनरपुढे गुन्हा कबूल करून, देश कायमचा सोडण्याची शपथ घेऊन तो नेमून दिलेल्या बंदराकडे जाऊ शकत असे, आणि त्या प्रवासात त्याला हमरस्ता सोडण्यास मनाई असे. असे घडले असते, तर खुनाचा तपशील संन्याशांना कसा कळला याचा उलगडा झाला असता. परंतु पश्चात्ताप पावलेला मारेकरी ही संतकथेला सापडलेली सोन्याची खाणच असते, आणि वेड्या बाईची माळ इतक्या निगुतीने जपणाऱ्या लोकांनी ती वाया घालवली असती, यावर माझा विश्वास बसत नाही.

तेव्हा उरतो तो सर्वांत साधा तर्क. तीन दिवस गावात दोन माणसे दिसत होती, नंतर एकाचे प्रेत सापडले आणि दुसरा दिसेनासा झाला; तो दिसेनासा होणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला, आणि बाकीचा तपशील सांगणाऱ्यांनी भरला. १५१६ मध्ये छापलेल्या संतचरित्रांच्या संग्रहातही हीच कथा आली आणि डेव्हिडवरचा आरोप कायमचा झाला. त्या झाडीत दुसरे प्रेत आहे का, हे कोणी शोधून पाहिल्याचे कथेत कुठेही म्हटलेले नाही.