जुन्या कपाटाचे वीस दिवस

जून २०२४ मध्ये मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आम्ही साताऱ्याहून पुण्यात आलो आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरातील एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर असे घर भाड्याने घेतले. साताऱ्याचे घर पाच खोल्यांचे होते. तेथे माळे होते, भिंतीत फडताळे होती, जिन्याखाली अंधारी खोली होती. नव्या घरात एकही कपाट नव्हते आणि घरमालकीण काकूंची अट अशी होती की भिंतींना भोक पाडायचे नाही. सुताराने हलवता येतील अशा कपाटांसाठी जो आकडा सांगितला, तो आमच्या चार महिन्यांच्या भाड्याइतका होता. म्हणून मी ठरवले की सामान ठेवण्याची सगळी सोय घरातल्या जुन्या वस्तूंतून आणि दुसऱ्यांनी वापरून झालेल्या वस्तूंतून करायची. हे काम आम्ही ९,००० रुपयांच्या आत केले आणि आजही ती मांडणी जशीच्या तशी उपयोगात आहे. मात्र यातील एका कपाटाने मला जे वीस दिवस दाखवले, त्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

बाकीची कामे सुरळीत झाली. कोपऱ्यावरचे एक किराणा दुकान बंद होत होते. त्याचे लोखंडी अँगलचे रॅक दुकानदार भंगारवाल्याला किलोच्या भावाने देणार होता. त्याच भावाने ते मी घेतले आणि स्वयंपाकघरात, भिंतीला न ठोकता, उभे केले. खानावळीतून तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे सहा रिकामे डबे मिळाले. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ते दोनदा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, पत्रेकाम करणाऱ्याकडून त्यांना कडीची झाकणे बसवून घेतली. डब्याची कापलेली कड आतल्या बाजूस ठोकून घ्यायला त्याला मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर धान्य काढताना हात कापतो. फरशीच्या दुकानाबाहेर पडलेला कडप्प्याचा साडेतीन फुटी तुकडा दीडशे रुपयांत मिळाला आणि तो विटांच्या दोन थरांवर ठेवून ओट्याखाली जड भांड्यांसाठी फळी तयार झाली. सासूबाईंची पत्र्याची ट्रंक कॉटखाली जात नव्हती, म्हणून कॉटच्या चारही पायांखाली चार इंची लाकडी ठोकळे दिले आणि ट्रंक आत सरकली.

कपड्यांसाठी मात्र कपाटच हवे होते. रविवार, ७ जुलै रोजी एका जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याकडे मला साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद असे लोखंडी कपाट सापडले. पत्रा जाड होता, दारे सरळ बसत होती, आत लॉकर होता. ३,२०० रुपयांत व्यवहार ठरला, टेम्पोचे ७०० वेगळे. दुपारी दोन वाजता टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी आला आणि सुरक्षारक्षकाने सांगितले की जुने सामान आत नेण्यासाठी कार्यालयाची परवानगी लागते. कार्यालय रविवारी बंद होते. टेम्पोवाला थांबायला तयार नव्हता. शेवटी कपाट पाहुण्यांच्या पार्किंगच्या एका कोपऱ्यात उतरवले गेले.

सोमवारी कार्यालयातून मला एक छापील अर्ज मिळाला. त्यात वस्तूचे वर्णन, बिल क्रमांक, फ्लॅटच्या मालकाची सही आणि २,००० रुपये अनामत एवढे रकाने होते. कपाटाचे बिल माझ्याकडे नव्हते, कारण व्यापाऱ्याने दिले नव्हते आणि मी मागितले नव्हते. घरमालकीण काकू नागपूरला राहतात. त्यांनी त्याच संध्याकाळी सही केलेल्या अर्जाचा फोटो पाठवला, परंतु कार्यालयाला मूळ कागदावरची सही हवी होती. मी अर्ज कुरिअरने नागपूरला पाठवला. तो शनिवारी, १३ तारखेला परत आला. कार्यालयात शनिवारी अर्ज घेत नाहीत हे मला तेथे गेल्यावर कळले, आणि ते फाटकावरील सूचनाफलकावर कुठेही लिहिलेले नव्हते.

रविवारी १४ तारखेला मी बिलासाठी व्यापाऱ्याकडे गेले, तर दुकान बंद. सोमवारी पुन्हा कार्यालयात गेले, तेव्हा बिलाशिवाय अर्ज पुढे जाणार नाही असे उत्तर मिळाले. बुधवारी १७ तारखेला आषाढी एकादशी होती, सुट्टीचा दिवस होता, पण व्यापारी भेटला. त्याने वहीच्या पानावर तारीख, वस्तू, रक्कम, स्वतःचे नाव आणि फोन नंबर लिहून सही करून दिली. गुरुवारी तो कागद दाखवला, तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले की हे पक्के बिल नव्हे, त्यामुळे विषय समितीच्या बैठकीत ठेवावा लागेल, आणि बैठक १० ऑगस्टला आहे.

त्या क्षणी मला जो राग आला, तो मी आजही विसरलेले नाही. माझी तक्रार सोसायटीच्या शिस्तीबद्दल नाही. शंभर कुटुंबे एका आवारात राहत असतील, तर लिफ्टमध्ये काय जाते आणि फाटकातून काय येते याची नोंद हवीच. चोरीचा माल येऊ नये ही काळजीही योग्यच आहे. माझा राग असा होता की दहा दिवसांत चार वेळा जाऊनही नियम कोणी एकदाच, पूर्ण, लेखी दाखवला नाही. प्रत्येक खेपेला एक नवी अट पुढे आली. आणि मी भाडेकरू असल्यामुळे, प्रश्न विचारणे हे माझे काम नाही, अशा सुरात माझ्याशी बोलले गेले.

कपाट मात्र पार्किंगमध्ये उभे होते. मी त्यावर ताडपत्री बांधली होती आणि पायांखाली विटा दिल्या होत्या. रोज सकाळी कामाला जाताना मी ताडपत्रीची दोरी पाहत असे. २४ जुलैच्या रात्रीपासून जो पाऊस झाला तो पुणेकरांना आठवत असेल. २५ तारखेला खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. तेथील लोकांचे जे नुकसान झाले, त्यापुढे माझे कपाट काहीच नाही. आमच्या पार्किंगमध्ये वीतभर पाणी साचले. विटांमुळे कपाटाचा तळ वाचला, परंतु ताडपत्री एका बाजूने फाटली आणि डाव्या अंगावर, खालच्या फूटभर भागात, तांबेरा म्हणजे गंज चढला.

काकू एका लग्नाच्या बोलणीसाठी २६ तारखेला पुण्यात आल्या. सहकारी बँकेत नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आहेत. माझी हकिगत ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, ठराव कुठला आहे ते विचारलंस का?" मी विचारले नव्हते. त्या स्वतः माझ्याबरोबर कार्यालयात आल्या आणि अतिशय शांतपणे म्हणाल्या, "मी या संस्थेची सभासद आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे मला उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरले याची नोंद, विनामूल्य पाहता येते. ज्या सभेत हा नियम झाला, तिचे इतिवृत्त दाखवा." सचिवांना बोलावणे गेले. अर्ध्या तासाने रजिस्टर निघाले. ठरावात असे लिहिले होते की घर बदलताना किंवा घराचे नूतनीकरण करताना आधी अर्ज आणि अनामत द्यावी. एखाददुसरी वस्तू आणताना फाटकावरील वहीत नोंद करावी आणि लिफ्टला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी. जुन्या वस्तूंचा किंवा बिलाचा त्यात उल्लेखच नव्हता. सचिवांनी तेथेच फाटकावर निरोप दिला. शनिवारी २७ तारखेला सकाळी साडेनऊ वाजता दोन हमालांनी कपाट जिन्याने वर आणले, कारण ते लिफ्टमध्ये मावत नव्हते. इतक्या दिवसांत लिफ्टचे माप घेण्याचे मलाही सुचले नव्हते, ही चूक माझी.

म्हणून जुनी मोठी वस्तू घेण्याआधी चार मापे घ्यावीत असे मी आता सर्वांना सांगते: लिफ्टचे दार, जिन्याचे वळण, घराचे दार आणि खोलीतील जागा. व्यापाऱ्याकडून हाताने लिहिलेली पावती त्याच वेळी घ्यावी, मग ती कोणी मागो वा न मागो. जुन्या मालाच्या बाबतीत ती तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असते. सोसायटीत अर्ज मागितला, तर तो भरण्याआधी त्यामागचा ठराव नम्रपणे विचारावा. इतिवृत्त पाहण्याचा अधिकार सभासदाला आहे, त्यामुळे भाडेकरूने घरमालकाला पहिल्याच दिवशी विश्वासात घ्यावे. मी संकोचामुळे काकूंना केवळ सही मागितली आणि अडचण सांगितली नाही, त्यात दोन आठवडे गेले.

तांबेऱ्याचे काम तुलनेने सोपे निघाले. आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासले, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले, रेड ऑक्साइडचा एक हात दिला आणि तो पूर्ण वाळल्यावर राखाडी ऑइल पेंटचे दोन पातळ हात दिले. पावसाळ्यात रंग लवकर वाळत नाही, म्हणून घाई करू नये. आमचे कपाट पाच दिवस दारे उघडी ठेवून पंख्यासमोर होते आणि वास गेल्यावरच त्यात कपडे ठेवले. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि कपाटाची पाठ सर्वांत आधी गंजते, कारण ती कोणी पाहत नाही.

लोखंडाऐवजी लाकडी वस्तू घेणार असाल, तर वेगळी तपासणी लागते. फळीवर बोटाने ठोकावे. पोकळ आवाज आला तर आत वाळवी असू शकते. बारीक भोकांखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये. सांध्यांमध्ये काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे समजावे. मी फळांच्या लाकडी पेट्या आणल्या, त्या दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या, सगळे सैल खिळे काढले, कडा घासल्या आणि मगच मुलाच्या पुस्तकांसाठी एकावर एक रचल्या. दोनपेक्षा अधिक पेट्या रचायच्या असतील, तर त्या एकमेकींना नटबोल्टने जोडून घ्याव्यात.

सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि जरीच्या साड्या त्यांत ठेवल्या. प्लास्टिकच्या पिशवीत रेशीम कोंदते आणि डांबर गोळ्या जरीला थेट लागू देऊ नयेत, हा त्यांचा आग्रह आहे. मुलाच्या जुन्या जीन्सचे खिसे कापून त्यांनी ते एका जाड चादरीवर ओळीने शिवले. ती चादर दाराच्या मागे वरच्या कडेला अडकवलेल्या आकड्यांवर लटकते आणि किल्ल्या, औषधे, चार्जर, शिवणाचे सामान असे सगळे तीत बसते. भिंतीला एकही भोक पडलेले नाही. काकूंनी ती चादर पाहिली आणि त्यांच्या नागपूरच्या घरासाठी तशीच एक शिवून मागितली.

किल्ल्यांचे सांगायचे राहिले. जुन्या कपाटाची एकच किल्ली मिळाली होती आणि लॉकरची तर मिळालीच नव्हती. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी कुलपाचा नमुना घेऊन गेले, पण जुळणारी किल्ली सापडली नाही. शेवटी किल्लीवाल्याला घरी बोलावून लॉकरचे कुलूप उघडून घेतले आणि दोन्हींच्या दोन-दोन किल्ल्या करून घेतल्या, त्याचे ४५० रुपये झाले. कपाट घेताना हे पैसे किमतीतून आधीच कमी करून मागायला हवे होते.