पाचव्या तारेचा सोस

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. पंखा फिरत असतो, पोऱ्या हार्मोनियमच्या खोक्यावर डोकं टेकून पेंगत असतो. अशा वेळी एखादा चाळिशी उलटलेला गृहस्थ आत येतो, खांद्याला ऑफिसची बॅग, नजर थेट मागच्या भिंतीकडे. कॉलेजात असताना गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवलेला असतो. मग नोकरी, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या शिफ्टा, मुलांचे क्लास. आता मुलं मार्गी लागली आणि बोटं पुन्हा शिवशिवायला लागली. तो पाच तारांचा बेस मांडीवर घेतो आणि वाजवतो काय, तर सगळ्यात बारीक जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे बाराव्या घराच्याही वर, कॉलेजात टाळ्या मिळवलेली एखादी झटपट जागा. ती अजून बरी येते. गृहस्थ खूश, दुकानदार ‘आ तो चालशे’ (हे तर चालेल) म्हणून मोकळा. ज्या तारेसाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तिला हातच लागलेला नसतो.

पाच तारांचा बेस घ्यायचा तर आधी बी, म्हणजे सगळ्यात जाड पाचवी तार ऐकावी, रंग नंतर बघावा. हेकेखोरपणा म्हणा हवं तर.

आपल्याकडच्या साथीदारांच्या भाषेत, हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर चार तारांचा बेस म्हणजे खालून वर पांढरी तीन (ई), पांढरी सहा (ए), पांढरी दोन (डी), पांढरी पाच (जी). पाचवी तार या सगळ्यांच्या खाली, पांढरी सातला (बी). ई तार साधारण 41 हर्ट्झवर बोलते, बी 31 वर. पाचच सुरांची वाढ, पण नेमक्या कामाच्या जागी. गायकानं काळी दोन मागितली की चार तारांचा बेसवाला अडकतो, कारण त्याचा सा उघड्या ई तारेच्या बरोबर एक घर खाली असतो. मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, वरच्या सप्तकात बिऱ्हाड करावं लागतं. बी तार असली की तोच सा चौथ्या फ्रेटवर मिळतो, काळी एकचा दुसऱ्यावर आणि पांढरी एकचा पहिल्यावर. नवरात्रात रोज तीन-चार तास वाजवायचं आणि गायक मध्येच पट्टी बदलणार, अशा ठिकाणी ही सोय फार मोठी आहे.

अर्थात सोय आहे म्हणून सारखं खाली जायचं नसतं. हींच (गरब्याचा ठेका) चढली, ढोल तापला की बी तारेवरचे जलद सूर ढोलाच्या घुमाऱ्यात विरघळतात. मैदानात मागे उभ्या असलेल्या माणसाला नुसती घरघर ऐकू येते. तिथे वरच्या सप्तकातच राहावं. खालचा सूर राखून ठेवावा आरतीसाठी, संथ गरब्यासाठी, ओळ संपून सा लांबतो त्या जागेसाठी.

खर्ज हवा की नको, हा वाद आपल्याला नवा नाही. रविशंकरांच्या धाटणीच्या सतारीवर खर्जाची तार असते. विलायत खाँसाहेबांनी ती काढून टाकली आणि गंधार-पंचमाची सतार रूढ केली. दोन्ही पंथ आजही सुखानं नांदतात. बडोद्यात तर फैयाज खाँच्या भारदस्त आवाजाची आठवण काढणारी म्हातारी माणसं परवापरवापर्यंत होती. मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे सुरू केलेली गायनशाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे, आणि सुरसागरच्या बाजूनं जाताना तंबोरे लावण्याचे आवाज आले तर खर्जाच्या तारेशी चाललेली झटापट ओळखू येते. सैल तार सुरात आणणं सगळ्यात अवघड. बेसचंही तेच.

फेंडर कंपनीनं 1951 मध्ये चार तारांचा प्रिसिजन बेस आणला आणि 1965 मध्ये पाच तारांचा. पण तेव्हा त्यांनी पाचवी तार लावली ती वर, सी सुराची, आणि फ्रेट ठेवले फक्त 15. तो बेस चालला नाही. पाचवी तार खाली हवी हे पटायला वेळ लागला. 1987 मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा पाच तारांचा स्टिंगरे आला तोवर कीबोर्डवरचा सिंथ बेस ई तारेच्या खाली जाऊन बसला होता आणि बेसवाले खाली उतरायची वाट शोधत होते.

आता दुकानात. अँपवरची सगळी बटणं मध्यावर, बेसवरची टोनची बटणंही मध्यावर, इफेक्ट बंद. आधी उघडी ई तार छेडा, मग बी तार पाचव्या फ्रेटवर दाबून छेडा. दोन्हीकडे सूर एकच आहे. दोन्ही ठिकाणी एकच वाद्य बोलतंय असं वाटलं पाहिजे. बी तारेवरचा तो सूर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा लुळा वाटला तर पुढे बघायचं. नंतर बी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर दोन-दोन मात्रा धरून वाजवा. कुठला फ्रेट खरखरतो, कुठला सूर लवकर मरतो ते कानाला कळतं. हीच चाचणी जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास करा. तिथे मेलेली जागा बऱ्याच बेसवर सापडते, महागड्यांवरही. फक्त ती किती मेलेली आहे, एवढंच बघायचं.

बी तार लुळी वाटली म्हणून बेस लगेच टाकून देऊ नये. दुकानातल्या तारा महिनोन् महिने लटकलेल्या असतात, त्यात पहिली बळी बी तारच जाते. शिवाय जाड तार चढवताना लोक घाई करतात. तार कापायच्या आधी खुंटीपाशी काटकोनात मोडायची आणि मोडलेल्या जागेच्या पुढे कापायची. तसं न करता सरळ कापली की वरचं वेटोळं आतल्या आत सुटतं आणि तार जन्मभर बहिरी राहते. खुंटीवर दोन-तीन फेरे, तेही वरून खाली, म्हणजे नटवर (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीवर) तार नीट कोन करून बसते. मग नटच्या लगेच पुढे आणि सॅडलच्या (दुसऱ्या टोकाला ब्रिजवर, म्हणजे घोडीवर तार टेकते त्या जागेच्या) लगेच पुढे अंगठ्यानं तार हलकेच दाबायची. जाड तार तिथे आपोआप सरळ होत नाही, कमान करून राहते, आणि त्या कमानीमुळे सूर डगमगतो. एवढ्या एका दाबानं कितीतरी ‘खराब’ बेस सुधारतात. तरीही सूर थरथरत असेल तर पिकअप (तारांखालचा चुंबकी माईक) बी तारेच्या फार जवळ आहे का बघा. चुंबक तारेला ओढतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत तीन मिलिमीटर जागा असली की बहुतेक वेळा भागतं.

बी तार लावताना मोबाइलवरचा ट्यूनर गोंधळतो, कारण 31 हर्ट्झ त्याच्या माईकला धड ऐकूच येत नाहीत. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक काढून (तार न दाबता नुसतं बोट टेकवून) लावावी. आणि छेडायची हलक्या हातानं. जोरात ओढली की सूर आधी चढतो आणि मग खाली येऊन बसतो.

दुकानदार आणि जाणकार मंडळी एक गोष्ट छाती ठोकून सांगतात, की बी तारेसाठी 35 इंची स्केलच (नट ते ब्रिज तारेची लांबी) हवी. नेहमीची स्केल 34 इंचांची. तीच तार तोच सूर देत एक इंच लांब केली तर ताण वाढतो साधारण सहा टक्के. फरक आहे, पण त्यासाठी बजेट मोडावं एवढा नाही. त्यापेक्षा तारेची जाडी बघा. बी तार .125 इंचाऐवजी .130 ची घेतली तर ताण आठेक टक्के वाढतो, तोही तारांच्या एका संचाच्या पैशात. आणि बरीच वर्षं न वाजवलेल्या डाव्या हाताला पहिल्या फ्रेटवर तो एक इंच चांगलाच जाणवतो.

हाताचं म्हणायचं तर खरी अडचण रुंदीची. फेंडरच्या जुन्या चार तारांच्या जॅझ बेसची नेक (मान) नटपाशी 38 मिलिमीटर आणि ब्रिजवर दोन तारांतलं अंतर 19. आयबानेझच्या जीएसआर 205 सारख्या स्वस्त पाच तारांच्या बेसवर नट 45 मिलिमीटर आणि ब्रिजवर अंतर 16.5. म्हणजे डाव्या हाताला जास्त पसरावं लागतं आणि उजव्या हाताला दाटीवाटी होते. स्लॅप करणाऱ्याला (अंगठ्यानं तार ठोकून वाजवणाऱ्याला) ही दाटी आवडत नाही, बोटांनी वाजवणाऱ्याला आठ-दहा दिवसांत सवय होते. ज्याला जुनं 19 चं अंतरच हवं त्यानं ब्रिजवर पट्टी लावून मोजूनच घ्यावं, कॅटलॉगच्या भरवशावर राहू नये.

उजव्या हाताची दुसरी खोड म्हणजे वाद्य हातात धरल्यावर सगळ्यात वरची जाड तार ती ई, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पाच तारांवर तिथे बी असते, त्यामुळे सा समजून खालचा प वाजतो. प असल्यामुळे तो कानाला पटकन खटकतही नाही, म्हणून ही चूक लवकर जात नाही. आणि पिकअपवर अंगठा टेकवून वाजवायची सवय असली तर मोकळी बी तार बाकीच्या सुरांबरोबर आपणहून घुमत राहते. यावर उपाय एकच. अंगठा पिकअपवर न ठेवता बी तारेवर ठेवायचा, बोटं बारीक तारांकडे सरकली की अंगठाही ई-ए वर सरकवायचा आणि बी तार अंगठ्याच्याच कडेनं झाकायची. खालचे सूर वाजवायला शिकण्यापेक्षा खालची तार गप्प ठेवायला शिकण्यात जास्त वेळ जातो.

अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर मागे नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल बेसमध्ये खोचलेली राहिली की वाजवत नसतानाही ती उतरत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. बॅटरी मरायला लागली की आवाज आधी फाटतो, मग जातो, आणि काही मॉडेलांना पॅसिव्हवर (बॅटरीविना) टाकायची सोयच नसते. तालमीला निघताना खिशात एक सुटी बॅटरी असू द्यावी.

वीस ते चाळीस हजारांत आयबानेझ जीएसआर, यामाहा टीआरबीएक्स, कोर्ट, स्क्वायर असे पर्याय साधारण फिरत असतात, किमती वरखाली होतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांत जेवढा फरक पडतो तेवढा कधीकधी दोन कंपन्यांत पडत नाही. म्हणून दुकानात दोन नग असतील तर दोन्ही वाजवा. पट्ट्याला लावून उभं राहून बघा. खुंट्यांची बाजू जमिनीकडे झुकत असेल तर चार तासांच्या कार्यक्रमात डावा हात सूर दाबण्यापेक्षा नेक धरण्यातच जाईल.

बडोद्याची हवाही लाकडाला स्वस्थ बसू देत नाही. आषाढ-श्रावणात दमट, थंडीत कोरडी. पावसाळ्यात केलेला सेटअप नवरात्रापर्यंत टिकेलच असं नाही. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण 0.3 मिलिमीटर फट असावी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त वाटली तर ट्रस रॉड (नेकमधली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाव फेरा. एका वेळी पावच, मग तारा पुन्हा सुरात लावून बघायचं. किल्ली बरोबर मापाची हवी, सैल किल्लीनं रॉडचं डोकं एकदा खाल्लं की दुरुस्ती बेसच्या किमतीला जाते. बाराव्या फ्रेटवर जी तार दोन मिलिमीटर आणि बी तार अडीच-पावणेतीन मिलिमीटर वर असली की बहुतेक हातांना जमतं. थंडीत लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाजूनं बोचायला लागली तर घाबरायचं कारण नाही, जाणकाराकडून बारीक कानसीनं घासून घ्यायची.

राहिला अँप. आठ इंची स्पीकरच्या घरगुती अँपमधून 31 हर्ट्झ धड बाहेर येतच नाहीत. आपण ऐकतो ते 62 आणि 93 चे वरचे सूर, आणि खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. घरी भागतं तेवढ्यावर. मात्र लीड गिटारच्या अँपमध्ये बेस मोठ्यानं वाजवू नये, स्पीकरचा कागद फाटतो.

एवढं सगळं करण्याआधी एक आडवाट आहे. माळ्यावर जुना चार तारांचा बेस असेलच. पाच तारांचा एक संच आणायचा आणि त्यातल्या जी सोडून बाकी चार, म्हणजे बी-ई-ए-डी, त्याच बेसवर चढवायच्या. बी तार ई तारेच्या जागी बसण्यासाठी नटची खाच कानसीनं थोडी रुंद करावी लागते, बाकीच्याही जराजरा. ताण बदलल्यामुळे ट्रस रॉड आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येतो का ते) पुन्हा बघावं लागतं. परत जुन्या तारांवर जायचं झालं तर नवा नट बसवायचा, काही शे रुपयांचं काम. नेक ओळखीचीच राहते, अंतर 19 चंच राहतं आणि काळी दोनही मिळते. जी तार नाही म्हणून साथीच्या कामात क्वचितच अडतं, तिचे सूर डी तारेवर पाचव्या फ्रेटपासून पुढे आहेतच.

तरीही भिंतीवरचा तो पाच खुंट्यांचाच हवा असेल तर घ्या. फक्त भिंतीतला हुक पक्का बसवून घ्या, यातले बरेच बेस चार किलोंच्या वर जातात.