पहिल्या बाळाचा रिपोर्ट

पाटणच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली ती. सातव्या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे कऱ्हाडला आली, सोबत नवरा आणि सासू. आधीचं बाळंतपण माहेरी, दुसऱ्या जिल्ह्यात झालं होतं. बाळ दिवस भरलेलं, तीन किलोचं, आणि दुसऱ्या रात्री गेलं. "छातीत कफ झाला म्हणाले," नवरा म्हणाला. सासूबाईंचं मत वेगळं होतं. "नववा लागला तरी लावणीला वाकत हुती. सांगून ऐकलं न्हाई." ती खाली मान घालून बसली होती.

चांगल्या वजनाचं बाळ काही तासांतच कण्हायला लागतं, अंगावर ओढत नाही आणि दोन दिवसांत जातं, हे ऐकलं की आमच्या मनात आधी जंतुसंसर्ग येतो. तिच्या जुन्या कागदांत 'ब्लड कल्चर पाठवले' एवढीच ओळ होती. कल्चरला, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायला, दोन-तीन दिवस लागतात. तोवर बाळ गेलेलं, मग त्या लॅबच्या दारात परत कोण जाणार? मी नवऱ्याला रिपोर्ट आणायला सांगितलं. "आता काय उपयोग, मॅडम?" म्हणाला, पण गेला. लॅबने कॉम्प्युटरवरून प्रत काढून दिली. स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिये. म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप, आमच्या बोलण्यातलं जीबीएस.

पुढच्या भेटीत तिघांनाही समोर बसवलं. हा जंतू अनेक निरोगी बायकांच्या आतड्यात आणि योनिमार्गात गुपचूप राहतो. बाईला त्याचा काही त्रास नसतो. अस्वच्छतेने होत नाही, नवऱ्याकडून लागलेला गुप्तरोग नाही आणि भाताची रोपं लावल्याने तर मुळीच होत नाही. प्रसूतीच्या वेळी औषध मिळालं नाही तर अशा आयांच्या निम्म्या बाळांच्या अंगावर तो जातो, पण आजारी पडतात शंभरातली एखाद-दोन. ती पहिल्यांदाच बोलली: "मग माझंच का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण लावणीचा विषय त्यानंतर माझ्यासमोर निघाला नाही.

अमेरिकेत छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात प्रत्येक गरोदर बाईचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर योनिमार्ग आणि गुदद्वाराचा नमुना घेतात, आणि जंतू सापडला तर बाळंतपणात औषध देतात. तिथे पहिल्या आठवड्यात होणारा हा आजार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे १.८ होता, तो २०१५ पर्यंत ०.२३ वर आला. ब्रिटनमध्ये सरसकट तपासणी नाही, धोका पाहून औषध देतात. आपल्याकडेही सगळ्यांची तपासणी होत नाही, आणि नवजात बाळांच्या रक्तात क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे दुसरेच जंतू जास्त सापडतात, म्हणून जीबीएसकडे लक्ष कमी जातं. सगळ्यांची तपासणी आपल्याला परवडेल का, यावर वाद होऊ शकतो. पण ज्या बाईचं बाळ जन्मून दोन दिवसांत गेलंय, तिच्या त्या बाळाचे कागद मिळवायलाच हवेत. त्याला पैसे लागत नाहीत.

तिच्या बाबतीत स्वॅबची गरजच नव्हती. आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल तर पुढच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर औषध द्यायचंच, स्वॅब काहीही सांगो. नवऱ्याने विचारलं, "मग आत्ताच गोळ्या देऊन मारून का टाकत नाही?" कारण गोळ्या थांबल्या की आतड्यातून तो जंतू परत येतो. औषध हवं ते बाळंतपणाच्या वेळी, शिरेतून, आणि बाळ जन्मण्याआधी किमान चार तास. या चार तासांसाठीच सगळी आखणी. वाडीतून कऱ्हाडला यायला पावसात दोन तास सहज जातात, आणि दुसरं बाळंतपण लवकर उरकतं. म्हणून सदतिसावा आठवडा लागताच तिने नणंदेच्या घरी, कऱ्हाडात येऊन राहायचं असं ठरलं. कळा येवोत वा न येवोत, पाणी गेलं की लगेच निघायचं.

हे औषध म्हणजे क्रिस्टलाइन पेनिसिलीन. ते आमच्या मेडिकलमध्ये नेहमी नसतं, आधी सांगून मागवावं लागतं. त्यांच्या पोऱ्याने पहिल्यांदा आणून दिलं ते बेन्झाथिन. नाव पेनिसिलीनच, पण ते फक्त स्नायूत द्यायचं. शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो. सिस्टरने लेबल वाचून परत पाठवलं. बरोबर व्हायल आल्या त्या तिच्या नावाची चिठ्ठी लावून लेबर रूमच्या कपाटात ठेवल्या.

अडतिसाव्या आठवड्यात मध्यरात्र उलटल्यावर पाणी गेलं. कळ एकही नव्हती. "सकाळी जाऊ, आत्ता रिक्षा कुठली," असं नणंद म्हणाली, आणि सासूबाईंनीच सगळ्यांना उठवलं. पोचायला तीन वाजले. टेस्ट डोस दिला, मग ३ वाजून १० मिनिटांनी ५० लाख युनिटचा पहिला डोस. पुढचा २५ लाखांचा, चार तासांनी. पाणी गेलेलं असताना वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून कळांचं सलाइनही लावलं. आतून तपासणी मोजकीच केली.

कळा धरल्या आणि झपाट्याने वाढल्या. मी मनातल्या मनात घड्याळाशी भांडत होते. सलाइन कमी करून बाळंतपण लांबवावं, असं क्षणभर वाटलं. पण चार तास भरावेत म्हणून बाळाला अडवून धरायचं नसतं. औषध एक-दोन तासांतच बाळापर्यंत पोचायला लागतं, तेवढा आधार होता. ६ वाजून ४० मिनिटांनी मुलगी झाली आणि मोठ्याने रडली. साडेतीन तास मिळाले होते.

चार तास पूर्ण झाले नव्हते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी अठ्ठेचाळीस तास मुलीला हलू दिलं नाही. मुलगी चांगली दिसत होती, त्यामुळे उगाच सुया टोचल्या नाहीत. फक्त ठरावीक वेळाने श्वास मोजणं, ताप पाहणं, रंग पाहणं, दूध ओढते का ते पाहणं. दुसऱ्या रात्री आई झोपायला तयार नव्हती. पहिलं बाळ याच वेळी गेलं होतं. मी बारा वाजता राऊंडला गेले तर तिचा तळहात मुलीच्या छातीवर, आणि ओठ हलत होते. श्वास मोजत होती. सिस्टरनेच तिला एक मिनिट कसं मोजायचं ते शिकवलं होतं. "अठ्ठेचाळीस आले, मॅडम. बरोबर हाय ना?" बरोबर होतं. साठच्या आत हवेत. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. दोनच्या सुमाराला तिने मुलीला पदराखाली घेतलं, आणि पिता पिताच दोघी झोपल्या.

घरी जाताना एक गोष्ट मला सांगावीच लागली, आणि ती सांगताना जड गेलं. बाळंतपणातलं हे इंजेक्शन पहिल्या आठवड्यातला आजार टाळतं. आठवड्यानंतर, तीन महिन्यांपर्यंत, हाच जंतू मेंदूज्वर करू शकतो, आणि त्यावर या इंजेक्शनचा उपयोग नाही. क्वचित होतं, पण ताप, अंग गार पडणं, कण्हणं, दूध सोडणं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. सासूबाई मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाई, हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या. मला वाचता येत न्हाई, पण आमच्या आशाताईला दाखवते. ती दर आठवड्याला वाडीत येती."

लिहून दिलं. खाली माझा मोबाइल नंबर, आणि पुढच्या खेपेसाठी लाल शाईत: कळा सुरू होताच पेनिसिलीन, स्वॅबची वाट पाहू नये.