जेजुरीचा पिवळा

आज दिवसभर खुर्चीतून उठलोच नाय. सोमवतीला जेजुरीत काढलेले फोटो लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) टाकून बसलोय, काढणं सोपं होतं राव, निवडणं महाकठीण. पहिल्या फेरीत मी एडिट कायच करत नाय, नुसतं पी आणि एक्स दाबत सुटायचं, ठेवायचा का उडवायचा, जास्त बघत बसलं की मोह सुटत नाय मग. भंडारा उधळतानाचे बर्स्ट (एका दमात धडाधड काढलेले फोटो) तर विचारूच नका, सगळे सारखेच दिसतात, झूम करून डोळे शार्प आहेत का बघायचं, तिथंच निम्मे गळतात.

खरी मारामारी पिवळ्याशी. आख्खी फ्रेम हळदीची असली की ऑटो व्हाइट बॅलन्सला (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते) वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो निळा ढकलतो आणि भंडारा पार फिक्का. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर बदलता येतात) शूट केलेलं म्हणून बरं. आता रंग जुळवायला पांढऱ्यावर ड्रॉपर टाकावा म्हटलं तर पालखीसोबतची एक टोपी पांढरी राहिलेली नाय 😄 शेवटी उधळण सुरू व्हायच्या आधीची एक फ्रेम शोधली, तिचं टेम्परेचर (रंग किती निळा-पिवळा ते सेटिंग) उचललं आणि त्याच उजेडातल्या बाकी सगळ्यांना तेच लावलं, म्हणजे सिंक केलं.

आणि ते सॅच्युरेशन वाढवणं बंद करा रे, रेड चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधीच फाटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो, भंडाऱ्याचं ऑरेंज सरबत होतं. मी उलट पिवळ्याचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, थोडा खाली घेतो, मग हवेतले कण सुटे दिसायला लागतात.

कऱ्हेच्या स्नानाचे फोटो अजून उघडलेच नायत, उद्या बघू. दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी चालूय, ती झाल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाय.